अर्ध्या कोयत्याचा कोड

वाशीमच्या कॉलेजात शिकणाऱ्या रंजीताकडे संशोधनाचं काम होतं. तांड्यातांड्यांवर केलेली रेकॉर्डिंगं ऐकायची, माणूस माणसाला कसं पटवतो ते वाक्यागणिक ओळखायचं आणि पुढं कोड टाकायचा. न म्हणजे नातं. ल, लाज. भ, भीती. आ, आमिष.

बाविसावं रेकॉर्डिंग. मागच्या आठवड्यातलं, मानोऱ्याजवळचं. बबलू मुकादम कोणाला तरी ऊसतोडीला चल म्हणत होता.

"वहिनी, मी का परका हाय?"

न.

"सारा तांडा चालला. तुमी एकट्याच घरी बसान?"

ल.

"अर्धा कोयता कोण घेते? पोरीले घ्या संगं, पुरा होते."

रंजीताचा हात थांबला. तोडीला माणसं जोडीनं जातात. जोडीला एक कोयता म्हणतात. बाप गेल्यापासून तिची आई गोमतीबाई अर्धीच होती.

"देखू," रेकॉर्डिंगमधली बाई म्हणाली. आवाज आईचाच. पुढं नुसती खरखर.

शेवटचा रकाना : पटलं की नाही?

रिकामा.

तोडीची गाडी उद्या सकाळी निघणार. परीक्षा महिन्यावर. रंजीतानं मानोऱ्याची एसटी धरली.

अंगणात गोमतीबाई कोयत्याला धार लावत बसली होती. बाजूला दुसरा कोयता.

दुसरा!

"याडी," रंजीता आईला म्हणाली, "तुयाच्यासाठीच शिकून राह्यली ना मी?" न. "अर्ध्यात सोडलं त लोक हासतीन." ल. "बापू तिथंच गेला, इसरली?" भ. "नोकरी लागली का तुले घरी बसवीन." आ. कोड आपोआप पडत होते, थांबवता येईनात.

गोमतीबाईनं धारेवर अंगठा फिरवला. "बबल्या बी असाच बोलला. त्यानं बी मले काई इचारलं नाई."

रंजीतानं दुसऱ्या कोयत्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "मले नेऊन राह्यली का?"

"नाई. तो कोयता सोमलाच्या बायकोचा. सोमला यंदा घरीच, ते माह्या जोडीले येते म्हणे."

"म्हणे?"

"सोमला हो म्हणते. ते सकाळपासून बोललीच नाई. नाई आली त..." गोमतीबाईनं पुन्हा दगड उचलला. "देखू."

दोन घरं सोडून सोमलाकाकाचं दार. काकी चुलीपुढं पाठमोरी, मांडीवर सहा महिन्यांची लेक.

रंजीता उंबऱ्यावर टेकली. एवढंच विचारायचं होतं : काकी, तुले जायचं हाय का?

"काकी," ती म्हणाली, "मी का परकी हाय?"

न.