जाळीचं दार

"इंदुबाई, उठा बघू. बटण दाबायचंय," हैबतराव म्हणाले.

पेणच्या त्यांच्या पोह्यांच्या गिरणीत इंदुबाई बटणापुढच्या पोत्यावर ठाण मांडून बसली होती.

"आधी जाळी बसवा शेठ, मग उठते."

काल दसरा झाला. चाकाला हळदकुंकू आणि झेंडूचा हार वाहायचा म्हणून पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढली होती. सहा नटबोल्ट. काढायला दहा हात पुढे, आवळायला एकही नाही. 'उद्या बसवू' म्हणता म्हणता दिवाळी उजाडायची. तीन वर्षांपूर्वी अशाच एका 'उद्या'त हौसाचा पदर पट्ट्यात गेला आणि हौसाही गेली. तिच्या डब्याची खुंटी अजून रिकामीच होती.

आज तिच्या जागेवर मालू उभी राहणार होती. नवी, हसरी, पदर खोचायला हमखास विसरणारी.

"संध्याकाळी बसवू की!"

"माझा नेम हाय. दिव्याबिगर पाणी नाय, आन् आजपासनं जाळीबिगर चाक नाय."

"तुमचा नेम आम्हाला कशाला?"

"परसाद सगल्यांनाच असतो, शेठ."

बायका खुदखुदल्या. हैबतरावांनी रोह्याच्या गोविंदा फिटरला बोलावणं धाडलं.

"मावशे, दर पूजेला ही निघनारच," बोल्ट आवळता आवळता गोविंदा कुरकुरला.

"मग निघंल अशी करतोस कशाला? फूल वाहायला कोन देव्हारा मोडतो काय रं? दार उघडतो! जाळीला दार कर. आन् दार उघडं तवर चाक फिरता नये."

गोविंदाने डोकं खाजवलं. "व्हय की! दारामागं बटण बसवतो. दार लागलं तरच मोटार चालू."

आठ दिवसांनी नवी जाळी आली. चालू गिरणीत हैबतरावांनी झेंडूची दोन फुलं घेतली आणि परीक्षा म्हणून दार उघडलं. मोटार बंद पडली, चाक घरघरत थांबलं.

 गिरणी अशी मध्येच गप्प झाली होती ती एकदाच. इंदुबाई झटकन वळली.

मालू जागेवरच होती, पदर मोकळा सोडून, तोंडावर हात दाबून हसत. "मावशे, शेठनीच बंद पाडली गो गिरणी!"

"हस, हस," म्हणत इंदुबाईने तिचा पदर कमरेला घट्ट खोचला. शेठकडून फुलं घेतली. एक दाराच्या कडीला लावलं. दुसरं हौसाच्या खुंटीवर ठेवलं आणि म्हणाली, "लावा दार. पोहे निवतायत."