शिवकन्येचा खुराक

मी एक जुना मिक्सर आहे. मित्रांनो, मिक्सरला नाक नसते असे तुम्हांला वाटत असेल, तर तो गैरसमज आधी काढून टाका. मला वास येतो, चव कळते आणि किळसही येते. माझ्या भांड्यात जे जे पडले ते आठवले, की आजही पात्याखाली ढवळून येते. तेच सगळे तुम्हांला सांगणार आहे. जेवत असाल तर आधी ताट संपवा, मग वाचा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तांब्याच्या तारा गुंडाळून माझी मोटर बनवली, पाती बसवली आणि मला खोक्यात बंद केले. पुढे परभणीच्या एका भांड्यांच्या दुकानात मी बरेच दिवस फळीवर बसून होतो. तिथून राजेश्रीबाईंच्या माहेरच्यांनी मला उचलले आणि लग्नाच्या भांड्याकुंड्यांबरोबर त्यांच्या सासरी पाठवले. जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या अलीकडे हे गाव. घर आबासाहेबांचे. शेतात कापूस आणि सोयाबीन, दावणीला म्हशी, माणसे कष्टाळू.

आबासाहेबांच्या आई, चांगुणाबाई, माळकरी. या घरात कधी अंडेसुद्धा आले नव्हते, त्यामुळे मी मोठ्या स्वच्छ घरात पडलो म्हणून खूश होतो. चांगुणाबाई मात्र मला पाहून खूश झाल्या नाहीत. "पाट्यावरची चव ह्या डबड्याला कुठली येतीय," असे म्हणून त्यांनी नाक मुरडले. मग एकदा राजेश्रीबाईंनी भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरे आणि तिखट माझ्यात घातले. मी जीव ओतून चटणी केली. चांगुणाबाईंनी ती भाकरीशी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दाणे स्वतः भाजून माझ्यापुढे आणून ठेवले. ती शाबासकी मी अजून विसरलेलो नाही.

मग माझे राज्य सुरू झाले. कारळाची चटणी, जवसाची चटणी, सणावाराला पुरणासाठी वेलदोडे. शेजारच्या बायका वाटीत दाणे घेऊन यायच्या आणि "तुमच्या मिक्सरची चटणी लय झ्याक व्हतीय," असे म्हणायच्या. राजेश्रीबाई मला धुऊन, उलटा घालून, कोरडा करून मगच ओट्यावर ठेवायच्या. मी थोडा सोवळा झालो होतो म्हणा ना.

त्या घरात दोन मुले वाढली. थोरला महारुद्र आणि धाकटी शिवकन्या. शिवकन्या जिंतूरच्या कॉलेजात जाऊ लागली. तिथल्या श्रमदानाच्या शिबिरात तिने सिमेंटचे पोते खांद्यावर घेतले आणि टेकाड चढून गेली. ते खेळाच्या चंद्रभान सरांनी पाहिले. दुसऱ्याच दिवशी तिच्या हातात लोखंडी बार दिला. पोरीला वजन उचलायची अशी गोडी लागली, की घरी आली तरी तळहातावरचे घट्टे कुरवाळत बसायची.

पण एक अडचण होती. तिच्या वजनगटात बबिता नावाची मुलगी तिच्यापेक्षा जास्त उचलायची, आणि कॉलेजातून प्रत्येक गटात एकीलाच स्पर्धेला पाठवत. वरच्या गटातली जागा मात्र रिकामी होती. शिवकन्येने अंगावर मांस चढवले, वजन वाढवले, तरच ती जागा तिची. इकडे आबासाहेबांनी सांगून ठेवले होते, "यंदा निवड झाली तर पुढचं बघू. न्हाई तर जिंतूरच्या रोजच्या खेपा बंद. घरी बसून परीक्षा द्यायची." म्हणजे तिचा सगळा खेळच काट्यावर येऊन ठेपला होता.

एका रविवारी चंद्रभान सर घरी आले. चहा झाला. मी ओट्यावरून सगळे ऐकत होतो.

"आजी, पोरीच्या अंगात ताकद हाय," सर म्हणाले. "फक्त वजन भरंना. तिला मास गेनर चालू करावं लागतंय. रोज सकाळी दुधातून."

चांगुणाबाईंची बशी हातातच राहिली. "काय म्हणलात?"

"मास गेनर. डब्यात मिळतंय."

"ह्या घरात मास येनार न्हाई."

सर हसले. तिथेच त्यांचे चुकले. "आजी, ते तसलं मास न्हाई. इंग्रजीत मास म्हंजे वजन."

"मास म्हंजे वजन व्हय? मंग मटनाला काय म्हनता तुमी? नाव बदललं की माळ घातलेल्या घरात कायबी आनायचं का, सर?"

राजेश्रीबाईंनी समजावून पाहिले, "आत्याबाई, ती दुधाची पावडर असती." पण म्हातारीच्या कानात जे शिरले ते शिरले. त्यांनी माझ्याकडे बोट केले आणि बजावले, "त्या भांड्यात तसलं काय पडलं तर भांडं उकिरड्यावर टाकीन." सर उरलेला चहा पिऊन निघून गेले. मला तर हायसे वाटले. कसला तो डबा, कसली ती पावडर, आपल्याला काय करायचे आहे त्याच्याशी!

मला काय ठाऊक, की त्या डब्यापेक्षा भयंकर काहीतरी माझ्या नशिबी यायचे आहे. महारुद्र मोबाइलवर बोट फिरवत बहिणीला म्हणाला, "अगं, त्या डब्यात असतंय तरी काय? सोयाबीनच की. आपल्या घरात पोती पडल्यात. विकत कशाला घेतीस?" मित्रांनो, आमच्या भागात शिवारभर सोयाबीन पिकते, पण ते कोणी खात नाही. शेतातून आडतीवर जाते आणि पिशवीतले तेल होऊन परत येते. ते कसे शिजवायचे, कसे भाजायचे, हे घरात कोणाला माहीतच नव्हते. शिवकन्येने पोत्यातून ओंजळभर काढले, रात्री भिजत घातले आणि पहाटे कच्चेच माझ्यात ओतले.

काय सांगू तुम्हांला! कच्च्या सोयाबीनचा तो हिरवट, कडवट, जिभेला चिकटणारा वास. त्यावर काळी पडलेली केळी, आदल्या रात्रीची कडक भाकरी, गुळाचा खडा आणि वर म्हशीचे दूध. मी फिरू लागलो की सगळ्याचा बुळबुळीत लगदा व्हायचा आणि त्यावर फेस चढायचा. माझ्या पात्याखाली लसणाचा एखादा कण राहिलेला असायचाच, तोही त्यात मिसळायचा. रंग म्हणाल तर म्हशी डुंबून गेलेल्या डबक्याचा. चटणी करणाऱ्या माझ्यासारख्या मिक्सरने हे दिवस पाहावेत? मला स्वतःचीच शिसारी येऊ लागली. झाकणाच्या रबरात तो वास मुरला तो मुरलाच.

आणि ती पोर ते प्यायची. माझ्या आवाजाबद्दल कोणी विचारले, तर डब्यासाठी चटणी करतेय म्हणायची. नाक दाबून, डोळे मिटून, भांडेच तोंडाला लावायची. अर्धे प्यायली की धावत गोठ्यामागे जायची. तिकडून ओकण्याचा आवाज मला ऐकू येई. मग तोंड धुऊन ती परत यायची आणि उरलेले अर्धे प्यायची. मला दोनदा किळस यायची, एकदा त्या लगद्याची आणि एकदा तो असा माणसाच्या पोटात ढकलला जातो याची.

"शिवू, पोट दुखतंय का गं? सारखी वाकून चालायलीस," राजेश्रीबाई विचारायच्या.

"न्हाई आई. व्यायामानं अंग धरलंय."

घरात धान्य मोजायचा काटा होता. सगळे शेतात गेले की ती त्यावर उभी राहायची. वजन वाढायचे सोडून उतरतच चालले होते. पोटात काही ठरतच नव्हते, तर वाढणार कुठून? तरी ती दुसऱ्या दिवशी ओंजळ आणखी मोठी करायची.

तुम्ही विचाराल, की घरात धान्य आहे, दूध आहे, तूप आहे, मग ही मुलगी पहाटे चोरून हा चिखल का पिते? मलाही हा प्रश्न पडला होता. पण मी ओट्यावर बसतो, आणि ओट्यावरून जेवणाची पंगत नीट दिसते. आधी आबासाहेब आणि महारुद्र बसायचे. महारुद्राच्या भाकरीवर तूप पडायचे. "आणखी अर्धी घे, शेतात राबतूस," असा आग्रह व्हायचा. मग चांगुणाबाई. शेवटी राजेश्रीबाई आणि शिवकन्या, आणि तोवर कढईत खरवड उरलेली असायची. एकदा शिवकन्येने आणखी एक भाकरी घेतली, तेव्हा चांगुणाबाई सहज म्हणून गेल्या, "पोरीच्या जातीला इतकं खाणं बरं दिसत न्हाई माय." त्या रागावून बोलल्या नव्हत्या. त्यांना त्यांच्या आजीने सांगितलेले त्यांनी नातीला सांगितले, एवढेच. पण शिवकन्येने ती भाकरी परत टोपल्यात ठेवली. मला खरी किळस आली ती त्या दिवशी. सोयाबीनचा वास त्यापुढे काहीच नव्हता.

निवडीच्या आठवड्यात रात्री वीज गेली आणि अंधारात ती सोयाबीन भिजत घालायला विसरली. पहाटे उठून तिने कोरडेच दाणे माझ्यात भरले, वर शिळा भात कोंबला, गूळ टाकला आणि बटण पूर्ण फिरवले. मी दात-ओठ खाऊन फिरलो. थोडा वेळ टिकलो. मग माझ्या पोटातून धूर निघाला, जळका वास सुटला आणि मी कायमचा थांबलो.

चांगुणाबाई आंघोळ करून देवापुढे बसल्या होत्या. वास येताच त्या तशाच उठून आल्या. "काय फिरवायलीस गं चोरून? ते मासाचं हाय का? खरं सांग."

शिवकन्येने मान खाली घालून भांडे पुढे सरकवले. चांगुणाबाईंनी भांडे नाकाशी नेले, वास घेतला, तोंड वाकडे केले. "सोयाबीन हाय की हे. कच्चं?" त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावले आणि लगेच मोरीत थुंकल्या. चूळ भरली, पुन्हा थुंकल्या. मग पदराने तोंड पुसत खाली बसल्या.

"हे तू रोज पेतीस?"

"व्हय."

"कामून गं? जनावर तोंड लावनार न्हाई ह्याला."

"वजन वाढवायचं हाय, आज्जी."

"मंग जेवायचं की पोटभर. कुनी अडवलंय?"

शिवकन्येने मान वर केली. आवाज चढवला नाही. "कवा जेवू? तुमचं समद्यांचं झाल्यावर?"

राजेश्रीबाई दुधाची चरवी घेऊन दारात उभ्या होत्या. त्या तिथेच थांबल्या. चांगुणाबाईंच्या तोंडात अजून ती चव असावी, कारण त्या सारखा घोट गिळत होत्या.

त्या दुपारी चांगुणाबाईंनी स्वतः पाट मांडला आणि शिवकन्येला आधी बसवले. पाट्यावर वाटलेली चटणी, वरण, भाकरीवर तूप आणि दुधाची वाटी. आबासाहेब शेतातून आले आणि हातपाय धुऊन म्हणाले, "माझं ताट?"

"जरा बस. पोरगी जेवायलीय," चांगुणाबाई म्हणाल्या. आबासाहेब उंबऱ्यावर बसून राहिले. बिघडलेल्या पोटाने शिवकन्येला फारसे जेवता आले नाही, पण तिला कोणी घाई केली नाही.

निवड काही झाली नाही. ताटातले अन्न एका आठवड्यात अंगाला लागत नसते. काट्यावर ती कमी भरली, बबिता स्पर्धेला गेली आणि वरच्या गटातली जागा रिकामीच राहिली. शिवकन्या जिंतूरहून परत आली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. आबासाहेबांनी घसा साफ केला. "ठरलं होतं तसं, आता उद्यापसून खेपा..."

मला मात्र कोणी दुरुस्त केले नाही. जिंतूरच्या मेकॅनिकने नवी वायंडिंग लागेल म्हणून सांगितले, आणि माझ्या रबराचा वास घेऊन त्यानेही नाक धरले. आता मी माळ्यावर पडून आहे. मित्रांनो, आपल्या मिक्सरच्या पात्याखालचे रोज धूत जा, कच्चे सोयाबीन त्यात घालू नका, एवढे तर मी सांगणारच. पण त्याआधी आपल्या घरात शेवटी कोण जेवते, आणि त्याच्या ताटात काय उरते, ते एकदा उठून बघा.

आबासाहेबांचे ते वाक्य पुरे झालेच नाही. चांगुणाबाई हातात भाकरीचे टोपले घेऊन मध्ये उभ्या राहिल्या.

"खेपा चालू राहतील," त्या म्हणाल्या. "तिचं वजन वाढंना म्हनतात समदे. आजवर तिला वाढलं कुनी?"