नळाखालचा हात

शोभनाने सदानंदचा भाजलेला हात नळाखाली धरला आणि लगेच मागे ओढला. ऑगस्टात आखातातल्या अल कुसैसच्या त्या इमारतीत गार नळालाही कढत पाणी यायचं. गच्चीवरची टाकी दिवसभर तापलेली. तिने गीझरचा नळ सोडला. गीझर मेपासून बंद होता, त्यातलं पाणी घरातल्या एसीने निवलेलं असायचं.

"टूथपेस्ट लाव नि सोड," सदानंद म्हणाला. "कुकरची वाफच लागलीय नुसती."

"वीस मिनिटं पाण्याखाली. हलू नकोस."

आभा दारात येऊन उभी राहिली. "ममा, शुड आय गेट आइस?"

"बर्फ नको, त्यानं जास्त इजा होते. धुतलेला रुमाल आण."

ऑफिसातून येऊन शोभनाने अजून खांद्यावरची पर्सही उतरवली नव्हती. पाय ठणकत होते. तिने त्याचं घड्याळ काढलं, बोट सुजायच्या आत अंगठी सोडवली. मग बाहीच्या बटणाला हात घातला.

"बाही राहू दे."

"भिजतेय सगळी."

"राहू दे म्हणतो ना, शोभना."

तिने बाही कोपरापर्यंत सारली.

मनगटाच्या वर आडवे डाग होते, चार-पाच. काही काळपट पडलेले, एकावर ताजी खपली. हे आजचे नव्हते, वाफेचेही नव्हते. मार्चमध्ये शिपिंग कंपनीतली त्याची मॅनेजरी गेली होती. जूनमध्ये दुसरी नोकरी लागली. ऑफिस भारताच्या वेळेने चालतं असं सांगून तो इस्त्रीचा शर्ट घालून पहाटे पाचला निघायचा.

असे आडवे डाग तिने खालच्या पाववाल्याच्या हातांवर पाहिले होते. "बेकरी?" तिने विचारलं.



"पावाचे ट्रे काढताना लागतं," तो पाण्याच्या धारेकडे बघत म्हणाला. "हात बसला नाही अजून."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. दोन महिने रोज खोटं बोललास, इथपासून सुरुवात करायची होती. तेवढ्यात आभाची पावलं वाजली. शोभनाने ती ओली बाही झटकन खाली ओढली.

"इज इट बॅड, बाबा?"

"नाही गं, थोडंसंच आहे," शोभनाच म्हणाली. "उद्या बाबा ऑफिसला सुट्टी घेतील."

सदानंदने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आभा रुमाल ठेवून आत गेली.

शोभनाने पर्स ओट्यावर टेकवली आणि पुन्हा त्याचा हात धारेखाली नीट धरला.

"पहाटे उपाशीच जातोस?"

"चहा मिळतो तिथे," तो म्हणाला.