हितसंबंध

रणजित कदमला पाच जणांनी मारहाण केली ती जानेवारीतल्या एका मंगळवारी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. डब्लिनच्या क्लोनडॉकिन उपनगरातल्या एका वसाहतीत घरांच्या दोन रांगांच्या मधे हिरवळ आहे. तिच्या कडेने तो सायकल हातात धरून चालला होता. अंधार नुकताच पडला होता. मागच्या कॅरिअरवर दोन पेट्या होत्या. एकीत खिचडी आणि सूप, दुसरीत पॅरासिटामॉलची पाकिटं, दोन थर्मामीटर आणि बाळाच्या दुधाचा डबा.

पहिला फटका हर्लीचा होता. हर्ली म्हणजे इथल्या मैदानी खेळातली रुंद पात्याची काठी. ती त्याच्या मानेवर बसली आणि तो सायकलसकट खाली पडला. मग बूट. बरगड्यांवर, पाठीवर, पोटावर. एक जण सारखा म्हणत होता, "रोग घेऊन आलात, रोग घेऊन जा." दुसऱ्याने पेटी फोडून गरम सूप त्याच्या अंगावर ओतलं. रणजितने हात वर करून डोकं झाकलं तेव्हा कोणीतरी त्याचे हात पायाखाली दाबून धरले, आणि हर्लीचं टोक त्याच्या डाव्या डोळ्यात खुपसलं गेलं. समोरच्या घरातली एक म्हातारी बाई दार उघडून ओरडायला लागली, तेव्हा ते पळाले. तिनेच गार्डांना, म्हणजे पोलिसांना, फोन केला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याच्या डोळ्यावर टॉवेल धरून ती थंडीत बसून राहिली.

हॉस्पिटलमधून फोन आला प्रमोदिनीला. रणजितने फॉर्मवर जवळचं माणूस म्हणून तिचं नाव लिहिलं होतं. तो सांगलीचा, एकोणतीस वर्षांचा, मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात रात्रपाळीचा टेक्निशियन. इथे त्याचं नात्याचं कोणी नव्हतं. प्रमोदिनी एका औषध कंपनीत मायक्रोबायॉलॉजिस्ट होती, नवरा आणि मुलीबरोबर बारा वर्षं आयर्लंडमध्ये होती. कोविडच्या पहिल्या लाटेत तिने आणि आणखी दहा-बारा मराठी घरांनी मिळून स्वयंपाक करून पोचवायचं काम सुरू केलं होतं. डबे मराठी माणसांसाठी नव्हते. ते जायचे वृद्धाश्रमात काम करणाऱ्या नायजेरियन बायकांकडे आणि मांसाच्या कारखान्यातल्या ब्राझिलियन कामगारांकडे. ही माणसं एकेका घरात सहा-आठ राहायची. एकाला कोविड झाला की सगळं घर चौदा दिवस बंद. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते दिवसभर कामावर असायचे. रात्रपाळी करून दिवसा मोकळा असलेला रणजित सायकलवर फिरायचा.

कोणालाही आत भेटायला जायला बंदी होती. नर्सने तिला व्हिडिओ कॉल लावून दिला. रणजितचं अर्धं तोंड पट्टीत होतं, ओठ फाटलेला.

"ताई, ब्लेसिंगकडे कोणी गेलं का?" तो म्हणाला. "काल तिचा ऑक्सिजन ब्याण्णव होता. मी तिला सांगितलं होतं, येतो म्हणून."

"तू ते सोड आता. डोळ्याचं काय म्हणाले?"

"डावा काढावा लागेल म्हणतात." त्याने पट्टीला हात लावला. "उजवा ठीक आहे."

फोन ठेवल्यावर प्रमोदिनी न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभी राहिली. रडू येत नव्हतं. तिला डिसेंबरची बैठक आठवत होती.

पश्चिम डब्लिनमधल्या संस्थांना कोविडकाळात मदत देण्यासाठी एक निधी उभा राहिला होता. देणग्या चांगल्या जमल्या होत्या. कोणाला द्यायच्या ते पाच जणांची समिती ठरवायची. उन्हाळ्यात कोणीतरी बोट ठेवलं की आजारी पडतायत त्यात परदेशी माणसं सगळ्यात जास्त, आणि समितीत मात्र सगळे गोरे. म्हणून प्रमोदिनीला बोलावलं गेलं. डिसेंबरमध्ये त्यांच्याच गटाचा अर्ज आला, एका जुन्या व्हॅनसाठी. त्यात रणजितने स्वतः लिहिलं होतं की सायकलवर जाणाऱ्यांवर दोनदा दगड आले आहेत, बंद गाडी हवी.

बैठक सुरू होताच प्रमोदिनीने सांगून टाकलं, "हा माझा गट आहे. मी यांच्यासाठी स्वयंपाक करते."

"प्रामाणिकपणाबद्दल आभार," अध्यक्ष नोरीन म्हणाल्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, मऊ बोलणाऱ्या. "पण हितसंबंध आला की नियमाप्रमाणे बाहेर थांबावं लागतं."

प्रमोदिनीने झूम बंद केलं आणि वीस मिनिटं स्वयंपाकघरातली कपाटं पुसत बसली. परत आली तेव्हा अर्ज नामंजूर झाला होता. तीन वर्षांचं ऑडिट नाही, क्षमता सिद्ध नाही. ती काही बोलली नाही. तिला पक्षपाती दिसायचं नव्हतं. पुढचा अर्ज एका चर्चच्या मंडळाचा होता. समितीतलेच डेक्लन त्या मंडळाचे खजिनदार होते. ते दहा मिनिटं आपल्या मंडळाबद्दल बोलले. त्यांना बाहेर थांबा असं कोणी म्हटलं नाही. मत द्यायची वेळ आली तेव्हा प्रमोदिनीनेही हात वर केला.

आता गुरुवारी तिने तातडीची बैठक मागितली आणि रणजितच्या चेहऱ्याचा फोटो स्क्रीनवर लावला. नोरीननी मान फिरवली.

"भयंकर आहे," डेक्लन म्हणाले. "बिचाऱ्याचं नशीब वाईट. पण याचा संबंध निधीशी जोडणं बरोबर नाही. काही टवाळखोर सगळीकडे असतात."

"त्याने अर्जात लिहिलं होतं, हे होईल म्हणून. तुम्ही वाचलं होतं?"

"नियम सगळ्यांना सारखे असतात, प्रमोदिनी."

"मग आत्ता सगळ्यांनी सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "या फेरीत नऊ संस्थांना मदत मिळाली. त्यातल्या किती संस्थांशी आपलं नातं आहे? मी बाहेर बसले. तुमच्यापैकी कोण बसलं?"

मग नोरीननी सांगितलं की एका संस्थेत त्यांची बहीण आहे. मोजत गेले तेव्हा नवातल्या चार संस्था कोणाच्या ना कोणाच्या नात्यातल्या निघाल्या. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, त्याला कोणी हितसंबंध म्हणत नाही, असं डेक्लन म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

शेवटी ठरलं की अर्ज पुन्हा विचारात घेऊ. पण या फेरीतले पैसे वाटून झालेत. पुढची फेरी सहा आठवड्यांनी.

"सहा आठवडे," प्रमोदिनी म्हणाली आणि कॉल बंद केला.

तिने कामावर रजा टाकली आणि स्वतःच्या गाडीतून डबे पोचवायला लागली. नवरा शिरीष म्हणाला, "मी येतो बरोबर." पण मुलगी दहा वर्षांची, शाळा बंद, कोणीतरी घरी हवं होतं. "दाराशी ठेवायचं आणि निघायचं," त्याने बजावलं. "आत जायचं नाही."

शुक्रवारी चार वाजता ती ब्लेसिंगच्या घरी पोचली. ब्लेसिंग वृद्धाश्रमात काळजीवाहक होती. घरात सहा बायका, त्यातल्या चार आजारी. दार उघडलं तर ती भिंतीला धरून उभी होती, डबा उचलायची ताकद नव्हती. प्रमोदिनीने दुसरा मास्क चढवला, हातमोजे घातले आणि पेट्या आत स्वयंपाकघरात नेल्या. दार तिने मागे लोटून घेतलं होतं, त्याचं कुलूप आपोआप लागलं होतं.

दारातल्या टपाल टाकायच्या फटीतून पेटता फटाका आत पडला तेव्हा तो आवाज तिला आधी कळलाच नाही. दुसरा पडला. पॅसेजमधल्या कोटांनी पेट घेतला. वरच्या खोल्यांतून किंकाळ्या आल्या. बाहेरून कोणीतरी दारावर लाथा घालत होतं.

तिच्या कंपनीत दर वर्षी आग विझवायचं प्रशिक्षण व्हायचं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाल सिलिंडर होता. तिने तो काढला, पिन उपटली आणि कोटांवर फवारा सोडला. पॅसेज पांढऱ्या धुराने भरला. तेवढ्यात कुलूप तुटलं आणि एक माणूस आत आला. तिशीतला, तोंडावर काळा मास्क, हातात हर्ली. त्याने हर्ली उगारली, ती भिंतीवर आपटली, प्लास्टर उडालं. दुसऱ्यांदा ती प्रमोदिनीच्या खांद्यावर बसली.

प्रमोदिनीने दोन्ही हातांनी सिलिंडर फिरवला. तो त्याच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. तो गुडघ्यावर आला. तिने दुसरा घाव घातला, त्याच्या हर्ली धरलेल्या हातावर. बोटं चेचली. बाहेर उभे असलेले त्याचे दोन साथीदार हे बघून पळाले. माणूस आता जमिनीवर पडून, तोंडातून रक्त गाळत, काहीतरी म्हणत होता. बहुतेक "नको" म्हणत होता. प्रमोदिनीने सिलिंडर डोक्यावर उचलला. तिला ते डोकं फोडायचं होतं. एवढी स्पष्ट इच्छा तिला आयुष्यात कशाचीच झाली नव्हती.

मागून ब्लेसिंगने तिला कमरेला मिठी मारली आणि तापाने फणफणलेल्या सगळ्या अंगाचा भार तिच्यावर टाकला. "नाही, सिस्टर. त्याला आपण मारायचं नाही. मग आपल्याला कोणी सोडणार नाही." दोघी मिळून खाली कोसळल्या.

गार्ड आले, जखमी माणसाला घेऊन गेले. त्यांनी जबाब घेतला, खांद्यावरची जखम बघितली, फोटो काढले. तिचीही चौकशी होईल असं सांगितलं, सभ्यपणे. सोमवारी निधीच्या सचिवाचा ईमेल आला, की चौकशी पूर्ण होईपर्यंत तिने समितीच्या कामापासून दूर राहावं.

त्याच दुपारी नोरीन ब्लेसिंगच्या घरी आल्या. प्रमोदिनी तिथे भिंत खरवडत होती. मुलीला शेजारी सोडून आलेला शिरीष तुटलेल्या दाराला फळी ठोकत होता. नोरीन अंगणातच उभ्या राहिल्या. काळा पडलेला पॅसेज, जळक्या कोटांचा ढीग, फरशीवरचे तांबूस डाग, त्या सगळं बघत राहिल्या.

"अध्यक्ष म्हणून माझ्याकडे एक राखीव रक्कम असते," त्या म्हणाल्या. "आणीबाणीत मी समितीला न विचारता देऊ शकते. व्हॅनची व्यवस्था या आठवड्यात होईल."

प्रमोदिनीने हातातली खरवडायची पट्टी खाली ठेवली. "हा अधिकार डिसेंबरमध्ये होता तुमच्याकडे?"

"हो."

"मग?"

नोरीननी जळक्या कोटांकडे बघितलं. "मला ती आणीबाणी वाटली नाही. माझ्या माणसांवर आली असती तर वाटली असती. हे मला आज कळतंय, आणि मला त्याची फार लाज वाटते."

प्रमोदिनी ठीक आहे म्हणाली नाही. शिरीषला वाटलं ती त्यांना हाकलून देईल. तिने फक्त विचारलं, "पॅसेज पुसायला मदत करता का?" नोरीननी कोट काढून कुंपणावर ठेवला, शिरीषने दिलेले मास्क आणि हातमोजे चढवले आणि आत आल्या.

व्हॅन आली. ते पैसे घ्यायचे का, असं रणजितला आधी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "घ्या ताई. मानापमान नंतर बघू." मे महिन्यात गार्डांनी कळवलं की प्रमोदिनीने स्वसंरक्षण केलं, तिच्यावर खटला नाही. तिला समितीत परत बोलावलं. ती गेली, पण एका अटीवर: ज्याचा संबंध असेल त्या प्रत्येकाने बाहेर बसायचं, आणि ऑडिट नसलेल्या छोट्या गटांसाठी वेगळा वाटा ठेवायचा. डेक्लननी राजीनामा दिला. त्यांना अपमान वाटला.

जून महिन्यात रणजित काचेचा डोळा बसवून प्रथमच तिच्या घरी जेवायला आला. जेवण झाल्यावर मागच्या अंगणात बसले असताना तिने त्याला ती गोष्ट सांगितली, जी शिरीषलाही सांगितली नव्हती: माणूस खाली पडलेला असताना तिने सिलिंडर पुन्हा उचलला होता.

"ब्लेसिंग नसती तर मी त्याला मारलं असतं," ती म्हणाली.

रणजितने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग तो म्हणाला, "मी रोज झोपेत त्यांना मारतो, ताई. पाचही जणांना. आणि उठलो की ब्राझिलवाल्यांचे डबे भरतो."

ती भांडी आवरायला उठली नाही. दोघंही ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून राहिले.