पिवळ्या फडक्यावरचं रक्त

त्या शनिवारी चिवोली गावच्या प्रभुमंदिरासमोर, म्हणजे चर्चसमोर, पाय ठेवायला जागा नव्हती. आंब्याच्या फांद्यांवरसुद्धा माणसं बसली होती. म्झुझू शहराकडून आलेला संदेष्टा एलिफाझ चिर्वा पांढरा कोट घालून टेबलामागे उभा होता आणि टेबलावर पिवळी फडकी ओळीनं मांडली होती.

"तुमच्या या पोरांत एक असं आहे, जे झोपेत उठून चेटकानं दुसऱ्यांना खातं," तो म्हणाला. "नाव मी सांगणार नाही. मी कोण सांगणारा? रक्त सांगेल."

ही पोरं म्हणजे मंदिरामागच्या खोलीत जेवणारी पोरं. कुणाचे आईबाप आजारानं गेलेले, कुणाचे खाणीवर गेले ते परतलेच नाहीत. मंडळीतल्या बायका त्यांना रोज मक्याची पेज घालत, त्यांची डोकी विंचरत, कपडे धूत. कुणी पैसे देत नव्हतं, त्या मागतही नव्हत्या. त्यांची म्होरकी गोंडवेबाई गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. पावसाळ्यात तापानं तेम्वा नावाचा लहानगा तिच्या मांडीवर गेला. पाठोपाठ आणखी एक पोर अंथरुणाला खिळलं, आणि गावात कुजबुज सुरू झाली. संदेष्टा आला तो त्या कुजबुजीच्या मागावरच.

एकेक पोर पुढे येई. संदेष्टा तांब्यातलं पाणी त्याच्या हातावर ओती आणि ओला तळवा फडक्यावर दाबायला लावी. फडकं पिवळंच राही. लोक सुस्कारा सोडत.

वेझीची पाळी आली. नऊ-दहा वर्षांची, किडकिडीत, सगळ्या धाकट्यांना आधी वाढून मग स्वतः जेवणारी पोर. संदेष्ट्यानं तांब्या हलवून पाहिला.

"पाणी संपलं. आई, तो दुसरा द्या जरा."

गोंडवेबाईनंच तो दिला. वेझीनं तळवा दाबला, उचलला. फडक्यावर पाच बोटांचा लालभडक ठसा उमटला होता.

अंगण हादरलं. बायांनी आपापली पोरं मागे ओढली. वेझी स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, मग तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली.

सोमवारी संदेष्टा तिला आपल्या छावणीत नेणार होता, भुतं उतरवायला. तोवर अन्न नाही, पाणी नाही. मंडळीचे पाळक म्कांडाविरे यांनी तिला मक्याच्या कोठारात कोंडलं आणि किल्ली खिशात टाकली. राहिलेली फडकी संदेष्ट्यानं कोंबड्यांच्या बदल्यात घरोघर दिली. दारावर बांधा, म्हणाला, चेटूक आत येणार नाही.

रविवारी सकाळी गोंडवेबाई मंदिराचे पडदे धूत होती. साबणाच्या हातानंच तिनं दारावरचं सुटू लागलेलं फडकं आवळलं. बोटं होती तिथं लाल डाग उठले.

म्हणजे मीही? ती उंबऱ्यात बसली. बराच वेळ त्या डागांकडे पाहत राहिली, मग फडकं नाकाला लावलं. म्झुझूच्या गुजराती दुकानात येतो तो वास, गावातल्या कुठल्याच चुलीवर न येणारा. हळद. आणि साबण लागला की हळद लाल होते. सातवीच्या वर्गाला ती दरवर्षी लाल फुलाचा रस आणि राखेचं पाणी घेऊन हेच शिकवत आली होती, रंग बदलतो आणि का बदलतो ते. काल तिच्या हातात तांब्या होता आणि डोकं मात्र तिनं घरी ठेवलं होतं.

उपासना सुरू व्हायच्या आत ती स्वयंपाक सांभाळणाऱ्या न्यासोकोकडे गेली. भेंडी शिजवताना घालतात ते राखेचं गाळलेलं पाणी वाटीभर घेतलं, एक लिंबू घेतलं, दारावरचं फडकं सोडलं आणि मंडळी जमताच सरळ वेदीपुढे, संदेष्ट्यासमोर जाऊन उभी राहिली.

"संदेष्टे, हात पुढे करा."

"अभिषिक्त माणसाची परीक्षा घेऊ नये, आई."

"पोरीची घेतलीत ती?"

तो हसला. "सैतान आता शिकूनसवरून येतो, पाहिलंत?"

कुणीच हललं नाही. शेवटी पाळक म्कांडाविरे उठले, बाही मागे सारली आणि हात पुढे केला. बाईंनी वाटीतलं पाणी ओतलं. पाळकांनी तळवा फडक्यावर दाबला. लाल.

बाईंनी त्या ठशावर लिंबू पिळलं, तसा तो फिका होत होत पुन्हा पिवळा झाला.

"ही हळद आहे," ती म्हणाली. "राखेचं पाणी, साबण, काहीही लावा, लाल होते. काल दुसऱ्या तांब्यात हेच होतं. घरी जाऊन आपापल्या दारावरच्या फडक्यावर करून बघा."

"म्हणजे माझी भेंडी इतकी वर्षं चेटूकच करत होती म्हणायची," न्यासोको म्हणाली. कुणी हसलं नाही.

मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग तेम्वाला कुणी खाल्लं?"

"मलेरियानं. दवाखान्यात नेण्याऐवजी आपण त्याच्या उशाशी प्रार्थना करत बसलो. प्रार्थना करायची होती तर वाटेत करता आली असती. मीही तिथंच होते." तिनं वाटी खाली ठेवली. "आणखी एक. शुक्रवारी यानं मला विचारलं होतं, कुठल्या पोराची चौकशी करायला मागे कुणीच नाही? मी वेझीचं नाव सांगितलं. मला वाटलं, तिला मदत करणार असेल."

बोलून वळली तेव्हा वेदीपाशी संदेष्टा नव्हता. पांढरा कोट मागच्या दारानं निघून गेला होता, आणि त्याला अडवायला कुणी उठलं नाही. अडवणार कोण? कोंबडी तर प्रत्येकानं दिली होती.

पाळकांनी खिशातली किल्ली काढून पुढे केली. गोंडवेबाईनं ती घेऊन कोठार उघडलं. वेझी पोत्यांना टेकून बसली होती, ओठ फुटलेले. बाईंनी तिला पाणी पाजलं, कडेवर घेऊन खोलीत आणलं, सगळ्या पोरांसमोर तिच्या हातावर राखेचं पाणी ओतून, मग स्वतःच्या हातावर ओतून, दोघींचे ठसे त्याच पिवळ्या फडक्यावर शेजारी शेजारी उमटवले.

"पोरांनो, कुणीही चमत्कार दाखवला, अगदी मी दाखवला तरी, म्हणायचं: पुन्हा करा, आणि या वेळी पाणी आमचं. खरं असेल ते पुन्हा करायला घाबरत नाही."

वेझीनं दोन्ही ठसे नीट पाहिले.

"बाई, मग तुम्ही काल का नाही म्हणालात?"

गोंडवेबाईला सांगता आलं असतं की गर्दी होती, भीती होती.

"त्यानं मला सगळ्यांसमोर आई म्हटलं होतं," ती म्हणाली. "मला ते आवडलं होतं."

वेझीनं पेजेचं भांडं जवळ ओढलं आणि पहिल्यांदाच, कुणाला न वाढता, आधी स्वतः जेवायला बसली.