न प्यायलेली दारू

शिंप्याला त्याच्या थोरल्या भावाची शिसारी आली होती. त्याच्या भपकेबाज अत्तराची आणि सारखा आपल्या खांद्यावर येऊन बसणाऱ्या ओलसर पंजाचीसुद्धा.

यकृताच्या कॅन्सरमध्ये वाढतं ते प्रथिन शिंप्याच्या रक्तात भलतंच वाढलेलं निघालं, तेव्हापासून दादाने त्याचा पिच्छा पुरवला होता.

"लिव्हर काय उगाच बिघडतं? कधीपासून ढोसतोयस, सांगून टाक!"

शिंप्याने जन्मात थेंब चाखला नव्हता. पण बायकोनेही कपाटं धुंडाळली, शिलाई मशीनखालचा चिंध्यांचा डबा उपसला. शेवटी रोजच्या कटकटीला विटून तो डॉक्टरांसमोर म्हणाला, "घेतो कधीमधी." दादा असा खुलला, की आजार जणू त्यानेच शोधून काढला.

तिथेच घात झाला. स्कॅनमध्ये यकृतात काही दिसेना, तरी सगळे यकृतावरच डोळे लावून बसले. जेवलेलं उलटून पडायचं, त्याचंही खापर दारूवर फुटलं. असे कित्येक महिने गेले.

मग नव्या डॉक्टरीणबाईंनी पोटात कॅमेरा घालून तुकडा तपासला, आणि आज तिघांना समोर बसवलं.

"गाठ जठरात आहे. पण तिच्या पेशी यकृताच्या कॅन्सरसारख्या, रक्तातलं प्रथिनही तिचंच. फार क्वचित होतं असं. यकृत तेव्हा चांगलं होतं, आता मात्र ती तिथवर पसरलीय."

आपल्या पोटात मांसाचा गोळा यकृताचं सोंग घेऊन वाढतोय, या विचाराने शिंप्याच्या अंगावर काटा आला.

"आधीच का नाही घातला कॅमेरा?" बायकोने विचारलं.

"उलट्या दारूमुळेच होतात, असं धरून चालले सगळे."

"मी पीतच नव्हतो," शिंपी म्हणाला. "दादाच्या तोंडाला कंटाळून हो म्हणालो."

दादा निदान मान तरी खाली घालेल, असं त्याला वाटलं. दादाने घसा खाकरला.

"पण डॉक्टर, जठरातला कॅन्सरही दारूनेच होतो ना?"

आता तरी ही याला झापेल म्हणून शिंप्याने बायकोकडे पाहिलं. ती डॉक्टरीणबाईंकडे बघत होती, उत्तराची वाट पाहत.