कडी नसलेलं न्हाणीघर

हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात गडद निळ्या कापडावर खडूची रेघ उमटावी आणि तिच्या मागोमाग कात्रीचा सलग, संथ आवाज चालत यावा, तसे माझे वडील, अण्णा, मला प्रथम आठवतात. मंठ्याच्या बाजारात आयुष्यभर त्यांनी लोकांसाठी कपडे शिवले. माप घेताना त्यांची नजर टेपवरून ढळत नसे. स्वतः इतके संकोची, की उघड्या अंगाने मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आई गेली, आणि त्यांच्या मनावर विस्मरणाचं धुकं दाटू लागलं. एकोणीसशे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी त्यांना बदनापूरला माझ्या घरी आणलं. घर नवं होतं आणि न्हाणीघर माझ्या हौसेचं. भिंती पांढऱ्या, फरशीही पांढरी, आरशासारखी लखलखणारी. अण्णा उंबऱ्यावरच थबकले. त्या लखलखाटात त्यांना खोल पाणी दिसत होतं. बुडन मी, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले आणि मी त्यांचं मनगट धरून त्यांना आत ओढलं.

मग एका सकाळी ते आतून कडी लावून बसले आणि कडी उघडायची कशी, हेच विसरले. दार फोडावं लागलं. नवं दार बसवताना मी सुताराला सांगितलं, आतून कडी नको. त्या शहाणपणाचं मला कोण समाधान वाटलं! त्या दिवसापासून अण्णा एका हाताने दार दाबून धरत आणि दुसऱ्या हाताने अंगावर पाणी घेत. फटीतून दिसणारी ती केविलवाणी कसरत मी शाळेत सहशिक्षिकांना हसत हसत सांगितली.

श्रावणात एके दिवशी मला शाळेला उशीर होत होता. दोनदा हाका मारल्या, उत्तर आलं नाही. म्हणून मी दार ढकललं. दार जड लागलं. पलीकडे त्यांचा तळहात आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी खांदा लावला.

साबणाच्या पाण्यात ते आडवे पडले होते. खुबा मोडला होता. दोन्ही हातांनी लाज झाकत, अनोळखी नजरेने माझ्याकडे पाहत ते म्हणाले, "बाई, पह्यले टावेल द्या. मंग उचला."

जालन्याच्या डॉक्टरांनी नंतर काय काय करता आलं असतं ते शांतपणे सांगितलं. मी सगळं केलं. खरबरीत, गडद फरशी घातली, भिंतीला धरायला लाल दांडा बसवला, बसून अंघोळीसाठी चौरंग ठेवला आणि आडोशाला पडदा लावला. अण्णा मात्र खाटेवरून पुन्हा उठले नाहीत. ओल्या फडक्याने त्यांचं अंग मीच पुसत असे आणि ते रोज भिंतीकडे तोंड फिरवून घेत. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

पडल्याचं ते त्याच संध्याकाळी विसरले होते. पाय का दुखतोय, असं मलाच विचारत होते. मी क्षमा मागितली तेव्हा, कशाची, म्हणाले. ज्याने माफ करायचं, त्याच्याजवळ तो क्षण उरलाच नव्हता. आणि ते गेल्यावर काळाने तो सबंध, जसाच्या तसा, एकट्या माझ्या स्वाधीन केला.